आई-बाबांना टेस्टिंग मेनूला न्यावं का? (मुंबई, शाकाहारी)

खिडकीपाशी

मंडळी, एक सल्ला हवाय. आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबरात चाळीस वर्षं होतायत. धाकटी बहीण न्यू जर्सीहून येतेय आणि तिच्या डोक्यात बसलंय की हॉल नको, नातेवाईक नको, आपण चौघंच कुठेतरी मस्त जेवायला जाऊ, आणि मस्त म्हणजे तिच्या मते महालक्ष्मीचं मास्क. मी वेबसाइट उघडून बघितली तर तिथे आपण काही मागवायचंच नसतं, ते आणतील ते खायचं, कोर्सवर कोर्स. आता आमचे बाबा म्हणजे शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, हॉटेलात मेनू कार्ड उजव्या बाजूने वाचणारे. आई सगळं खाते पण तिला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

पोट भरतं का, की घरी येऊन पिठलं टाकावं लागतं? व्हेजवाल्यांना खरंच वेगळं काही देतात की चिकन काढून तिथे मशरूम? एकूण बिल कितीपर्यंत जातं, दारू कोणीच घेत नाही. आणि बहीण म्हणते त्यांना मिशेलिन स्टार आहे, खरंय का ते? कोणी जाऊन आलं असेल तर सांगा, साठीच्या पुढच्या माणसांना घेऊन गेला असाल तर जास्तच बरं.

हॉटेललाइन_परळ

किचनमध्ये बरीच वर्षं काढलीत (मास्कमध्ये नाही, दुसरीकडे) म्हणून जरा लांबण लावतो.

आधी मिशेलिनचं मिटवू. मिशेलिन गाइड (रेस्टॉरंटना स्टार देणारं फ्रेंच पुस्तक) भारतात निघतच नाही, त्यामुळे मुंबई-दिल्लीतल्या कुठल्याच रेस्टॉरंटला स्टार नाही, कोणीही सांगो. बहीण म्हणतेय ती बहुतेक एशियाज फिफ्टी बेस्टची यादी, तिच्यात मास्क असतं, २०२३ ला १६व्या नंबरवर होतं आणि भारतातलं सगळ्यात वरचं. २०१६ ला अदिती दुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात सुरू केलं. साधू नंतर बाहेर पडले, आता हिमाचलात कसौलीकडे त्यांचं नार आहे, आणि मास्कचं किचन वरुण तोतलानी बघतात.

पोटाचं. दहा कोर्स म्हणजे दहा घास नव्हे. सुरुवातीचे तीन-चार प्रकार एका घासाचे, मग आकार वाढत जातो, आणि बहुतेक ठिकाणी गोडाच्या आधीच्या कोर्सला भात नाहीतर ब्रेड आणि सोबत डाळ किंवा रस्सा असं आधार देणारं काहीतरी ठेवतातच, कारण आपलं गिऱ्हाईक भाताशिवाय उठलं की जेवलोच नाही म्हणतं हे प्रत्येक शेफला ठाऊक असतं. अडीच-तीन तास संथ खाल्लं की शेवटच्या गोडापर्यंत लोक खुर्चीत मागे रेलतात, बेल्टला हात जातो. प्लेटमध्ये थोडं का, तर जीभ कंटाळते हो. कुठल्याही पदार्थाचे पहिले दोन-तीन घासच आपण नीट खातो, नंतर नुसते गिळत असतो. तिथे पदार्थ लक्ष उडायच्या आत संपवतात, त्यावरच सगळा खेळ उभा आहे. मध्येच आंबट-गार काहीतरी देतात तेही तोंड परत कोरं करायला.

व्हेज मेनू वेगळा असतो, असावाच लागतो, नाहीतर या देशात दुकान बंद करून बसावं लागेल. पण बुकिंगला नुसतं "व्हेज" लिहू नका. स्पष्ट लिहा: अंडं नाही, जिलेटीन नाही, मांसा-माशाचा स्टॉक किंवा सॉस नाही. अंडं डेझर्टमध्ये शिरतं, जिलेटीन (जनावरांच्या हाडा-कातडीतून काढतात) मूस आणि जेलीत, आणि परदेशी चीजपैकी काहींमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, पार्मेजान तर त्यातलंच. बाबा इतके कडक असतील तर तेही विचारून घ्या, किचनवाल्यांना राग येत नाही. राग येतो टेबलावर बसल्यावर सांगितलं की. काय होतं, आंबवलेलं, सुकवलेलं, मुरवलेलं बरंच आधीच तयार असतं, त्या रात्रीचं गणित माणसं मोजून मांडलेलं असतं, ऐनवेळी एक कोर्स बदलायचा म्हणजे त्या माणसाला घाईत काहीतरी दुय्यम मिळणार.

आईंच्या शुगरचं नीट ऐका, हे कोणी सांगत नाही. शेवटचे दोन-तीन प्रकार गोड असतात ते सोडाच, ते आधी सांगून कमी करता येतात. खरी गोची वेळेची आहे. जेवणाआधीची गोळी घेतात का इन्सुलिन? कारण साडेसातला बसलात तरी पोटात काही भरीव पडायला तास जाऊ शकतो, पहिले प्रकार नखभर असतात. गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा आणि बुकिंगमध्ये डायबेटिक आहेत असं लिहा, सुरुवातीलाच ब्रेड आणून देतील.

बिल. या लेव्हलला डोई पाच हजारांच्या वरच धरून चला, नेमका आकडा त्यांच्या साइटवर बघा, सीझनप्रमाणे बदलतो. ड्रिंक पेअरिंग (प्रत्येक कोर्सला जुळणारं पेय) घेतलंत तर बिल दुपटीकडे जातं, बिनदारूचं पेअरिंगही मिळतं पण तेही फुकट नसतं. जीएसटी सुट्या रेस्टॉरंटला ५ टक्के, मोठ्या पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८.

चटणीभाकर

एवढ्या पैशात मालवणला दोन दिवस राहून येता येईल चौघांना, माशासकट. (बाबा शाकाहारी आहेत, हो, मग महाबळेश्वरला.)

सिरियसली सांगतो, ऑफिसच्या खर्चाने एकदा अशा एका ठिकाणी गेलोय, नाव घेत नाही. दगडावर ठेवलेली पापडी, घंटेत कोंडलेला धूर, वेटर कानाशी येऊन दोन मिनिटं गोष्ट सांगणार, की ही कोथिंबीर अमुक आजींच्या परसातली, आणि तोवर पदार्थ गार. माझ्या शेजारचा तर प्लेटमधले शोभेचे खडेच खायला निघाला होता, वेटरने हात धरला. वडापावचं काहीतरी करून आणलं होतं, चमच्यावर. अरे वडापाव हातात कागदात धरून खायची वस्तू आहे, चमच्यावर आणून त्याचं काय भलं केलंत तुम्ही? आणि बाबांना हे सगळं बघून मजा वाटेल असं वाटतं का तुम्हाला? ते दर कोर्सला मनात भागाकार करत बसणार.

वाळूतला_कोळी

चटणीभाकर, तुमचा अनुभव दहा-बारा वर्षांपूर्वीचा दिसतोय, धूर आणि घंटा आता बऱ्याच ठिकाणी उतरणीला लागलंय.

मी दुबईला असतो म्हणून आपलं जेवण असं सजवून द्यायची ही लाट जवळून बघितलीय. थोडा इतिहास सांगतो, बोअर झालं तर सोडून द्या. भारतीय जेवणाला पहिल्यांदा मिशेलिन स्टार मिळाले २००१ ला, लंडनमध्ये, विनीत भाटिया आणि अतुल कोच्चर यांच्या किचनला. म्हणजे आपलं जेवण एकेक प्लेट सजवून देणं आधी तिकडे रुळलं. मग २००९ ला दिल्लीत इंडियन अॅक्सेंट, तेव्हाचे शेफ मनीष मेहरोत्रा, तिथे सुरुवातीलाच ब्लू चीज भरलेला चिमुकला नान देतात आणि दौलत की चाट सोबत खोट्या पाचशेच्या नोटा ठेवतात. दौलत की चाट म्हणजे जुन्या दिल्लीतला हिवाळ्यातला दुधाचा फेस, पहाटेच्या थंडीतच टिकतो, उन्हं चढली की बसतो. म्हणजे अशा ठिकाणी प्लेटमध्ये फेस देतात म्हणून आपण हसतो, त्यातला एक फेस चांदणी चौकात हातगाडीवर कधीपासून विकला जातोय.

आणि २०१० ला बँकॉकमध्ये गगन आनंद. हा माणूस स्पेनला एल बुयी या प्रयोगांसाठी गाजलेल्या रेस्टॉरंटात शिकून आला आणि दह्याचा गोळा केला, वरून पातळ कातडी, तोंडात फुटला की आत पातळ मसालेदार दही. ट्रिक सोपी आहे. समुद्री शेवाळातून अल्जिनेट काढतात, ते कॅल्शियमला भेटलं की घट्ट होतं. फळांचा रस असेल तर रसात अल्जिनेट घालून कॅल्शियमच्या पाण्यात थेंब सोडतात. पण दह्यात कॅल्शियम मुळातच असतं, मग उलटं करायचं, चमचाभर दही अल्जिनेटच्या पाण्यात सोडायचं, कातडी धरते, आतलं पातळच राहतं. पूर्ण शाकाहारी आहे, बाबांनी विचारलं तर सांगायला बरं.

यानंतर सगळ्यांनी गोळे आणि धूर सुरू केले आणि तुम्ही म्हणता तो तमाशा झाला. आताची मंडळी जिन्नसावर आली आहेत. मास्कच सुरुवातीपासून त्यासाठी ओळखलं जातं, लडाखचं सी बकथॉर्न (इवली केशरी आंबटढाण फळं), काश्मीरची गुच्छी (रानातली मशरूम), असलं. इथे दुबईत त्रेसिंद स्टुडिओ, हिमांशू सैनी यांचं, त्यांना २०२५ ला तीन स्टार मिळाले, भारतीय जेवणाच्या कुठल्याही रेस्टॉरंटला जगात पहिल्यांदा. त्यांचा मेनू भारताचा नकाशा फिरवून आणतो, वाळवंट, दख्खन, किनारा, हिमालय.

आता मुद्द्याचं. त्याच ग्रुपचं अवतारा म्हणून दुसरं आहे, संपूर्ण शाकाहारी टेस्टिंग मेनू, दुबईच्या शाखेला स्टार आहे, आणि मुंबईत सांताक्रूझ वेस्टला शाखा निघाली आहे. कांदा नाही, लसूण नाही, पनीरसुद्धा नाही. पनीर नाही हे मला सगळ्यात आवडलं, कारण शाकाहारी माणसाला पनीर देऊन वाटेला लावायची पद्धत आहे ना आपल्याकडे, ती तिथे चालतच नाही, कारली-पडवळ-कंद यांनाच उभं राहावं लागतं. बाबांना एकट्याला वेगळी प्लेट आणि बाकी तिघांना वेगळी, असं होण्यापेक्षा चौघांनी तेच खाल्लेलं बरं नाही का.

चटणीभाकर

पडवळासाठी पाच हजार. बाबांना हे वाक्य ऐकवा आणि त्यांचा चेहरा आम्हाला सांगा.

सदाशिवपेठी_नसलेली

मी माझ्या सासऱ्यांना घेऊन गेले होते (वय सत्तरीच्या पुढे, रिटायर्ड पोस्टमास्तर, तोंडाने फटकळ) म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते. पैसा, पोट, धूर हे सगळं सगळ्यांनी सांगितलंय. मला अडचण वेगळीच दिसली.

आपलं ताट बघा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या-आमटी उजवीकडे, सगळं एकदम समोर. आणि मग घास करायचा आपण. भातावर वरण किती, लिंबू पिळायचं का, चटणीचं बोट कधी लावायचं, लोणच्याची फोड आधी की शेवटी. एकाच पंगतीतल्या दोन माणसांचं जेवण चवीला सारखं नसतं. टेस्टिंग मेनूत हा घास करायचं कामच तुमच्याकडून काढून घेतात. आंबट किती, तिखट किती, कुठल्या क्रमाने, एका घासात काय काय, सगळं शेफने ठरवलेलं, तुम्ही फक्त तोंड उघडायचं. ज्या माणसाने साठ वर्षं स्वतःच्या हाताने कालवून खाल्लंय त्याला हे नक्की काय खुपतंय ते सांगता येत नाही, मग तो म्हणतो "मीठ कमी आहे" किंवा "पोट नाही भरलं". माझ्या सासऱ्यांनी तिसऱ्या कोर्सला लिंबू मागितलं. वेटर बिचारा गोंधळला, पण आणलं हं त्याने, छान चिरून, बिया काढून.

पण गंमत पुढे आहे. सहाव्या-सातव्या कोर्सच्या आसपास ते एकदम खुलले. का, तर वेटर तरुण मुलगा होता साताऱ्याकडचा, त्याने मराठीत सांगायला सुरुवात केली, आणि सासऱ्यांनी त्याच्याकडून एकेका पदार्थाची कृती काढून घेतली आणि मग त्यालाच दुरुस्त्या सुचवल्या. रात्रभर खूश. आणि सासूबाई, ज्या उभा जन्म दुसऱ्यांना वाढत आल्या, त्या पहिल्या मिनिटापासून राणीसारख्या बसल्या होत्या. त्यांना चमचा उचलायचा नव्हता, "अजून घे" म्हणायचं नव्हतं, आणि गार झालेलं शेवटी एकटीने खायचं नव्हतं. त्यांनी प्रत्येक प्लेट निरखून खाल्ली, सावकाश, आणि घरी आल्यावर दोन पदार्थ त्यांना जसेच्या तसे आठवत होते.

तेव्हा खिडकीपाशी, बाबांना आवडेल का हे विचारताय ते ठीक, पण लग्नाचा वाढदिवस दोघांचा आहे. आईला विचारलंत का?

हॉटेललाइन_परळ

वा ताई, काय बोललात. लिंबाचं मात्र खरं आहे, आमच्याकडे पासवर (किचनमधून प्लेट बाहेर जाते त्या कट्ट्यावर) सगळ्यात जास्त मागणी लिंबू आणि हिरव्या मिरचीची यायची. नवे शेफ चिडायचे, जुने आधीच वाटी भरून ठेवायचे.

एकाच गोष्टीवर थोडं भांडतो. पंगतीतही क्रम होताच की. आधी वरण-भात-तूप, मग मसालेभात, मध्ये जिलबी नाहीतर श्रीखंड, मठ्ठा, शेवटी ताकभात, आणि काय कधी येणार ते वाढपी ठरवायचा, तुम्ही नाही. मसालेभात आधी आणा म्हटलं तर ऐकायचा का कोणी? म्हणजे दुसऱ्याने ठरवलेलं जेवण आपल्याला परकं नाहीये. फरक एवढाच की पंगतीत आग्रह असतो आणि तिथे दुसऱ्यांदा वाढत नाहीत. एखादा प्रकार फारच आवडला तर बिनधास्त विचारा पण, किचनमध्ये एखाददोन जादा असतात बऱ्याचदा, आणि परत मागितलं की शेफ मनातून लई खूश होतो.

सदाशिवपेठी_नसलेली

क्रम ठरलेला असायचा हे मान्य. पण पानातलं कालवणं आपलंच होतं, त्यावर मी ठाम आहे.

खिडकीपाशी

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. आईला विचारायचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, काल विचारलं. ती म्हणाली "मला मेल्या कुठेही चालेल, फक्त मला उठून काही करायला लागू नये" आणि मग थोड्या वेळाने येऊन हळूच म्हणाली की तिला ते दह्याचं फुटतं ते बघायचंय (बहिणीने तिला व्हिडिओ दाखवला होता). बाबांना पडवळाचं वाक्य ऐकवलं. चेहरा काही विशेष झाला नाही, म्हणाले "पडवळ चांगलं करतात का?"

तर अवताराकडे कल आहे, बहीण जरा नाराज आहे पण तिला म्हटलं तू आणि मी मास्कला वेगळे जाऊ, तुझ्या डॉलरमध्ये. दोन प्रश्न राहिले. एक, सर्व्हिस चार्ज द्यायचा का? बाबा तिथे अडून बसणार हे नक्की. दोन, कपडे काय, आई पैठणी म्हणतेय.

वाळूतला_कोळी

पैठणीच, दुसरं काय. बाबांना फक्त शॉर्ट्स आणि चपला नकोत एवढं बघा, सूटबिटाची गरज नाही. एसी जोरात असतो, आईंना शाल द्या. आणि परफ्यूमचा मारा करू नका, निम्मी चव नाकानेच कळते आणि शेजारच्या टेबलाचीही जाते.

दह्याचं मात्र, ते फुटणारं अवताराच्या मेनूवर असेलच असं धरू नका, मेनू बदलत असतो. फोनवर आधी विचारा. नसलं तरी सांगा की आईला बघायचं होतं, अशा ठिकाणी वाढदिवसाला काहीतरी जुळवून आणतात कधीकधी.

चटणीभाकर

सर्व्हिस चार्जमध्ये मी तुमच्या कामाचा आहे, आनंदाने सांगतो. तो सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये नियम काढला की बिलात आपोआप लावायचा नाही, हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने नियम कायम ठेवला. तेव्हा बिलात दिसला तर काढा म्हणून शांतपणे सांगायचं, काढतात. पण हे बाबांसमोर करू नका, नाहीतर बिलाचा आकडा त्यांना दिसेल आणि अख्ख्या संध्याकाळचं वाटोळं. पैसे बुकिंगच्या वेळीच भरता येतात का ते विचारा, अशा ठिकाणी आगाऊ रक्कम घेतातच बहुतेक वेळा. राहिलेलं बहिणीने हात धुवायच्या निमित्ताने उठून काउंटरवर द्यायचं. आणि सर्व्हिस चांगली मिळाली तर वेटरला हातात द्या, रोख.

(पडवळाचं खरंच चांगलं निघालं तर इथे येऊन लिहा. मी माघार घेणार नाही, पण वाचेन.)

हॉटेललाइन_परळ

आगाऊ भरणार असाल तर कॅन्सल करायच्या अटी वाचून घ्या, ऐन दिवशी एक माणूस कमी झाला तर त्याचे पैसे बऱ्याच ठिकाणी परत येत नाहीत, कारण त्याचं सामान किचनमध्ये येऊन पडलेलं असतं. डिसेंबरात मुंबईत टेबल मिळणं अवघड, शनिवार तर सोडाच. मंगळ-बुधवारी पहिल्या सीटिंगचं घ्या, किचन ताजं असतं आणि वेटरला बाबांशी गप्पा मारायला वेळ असतो. त्या दिवशी संकष्टी-एकादशी नाही ना ते आधी कॅलेंडरमध्ये बघा.